रविवारचं शेवटचं वाक्य

या घराण्यात लाज वाटली की माणसं काम शोधतात. आजोबांच्या हातून छापखाना गेला त्या दिवशी त्यांनी घरातले सगळे बूट पॉलिश करून ठेवले, शेजाऱ्यांचे दोन जोडसुद्धा. वडिलांनी जन्मात एकदाच आईवर हात उगारला आणि मग दुपारभर माळा आवरत बसले. तेव्हा रविवारी सकाळी साडेसात वाजता ताई डब्यांची स्वच्छ झाकणं पुन्हा एकदा घासत होती, यावरून जाणत्याने काय ते समजावं.

समजणारं मात्र जवळ कोणी नव्हतं. आई आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून देवाशी बोलत होती. आईचं बोलणं पुटपुटण्यातलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं ती बोलायची, आणि देवाला कामं सांगताना तिने कधी भीड धरली नाही.

"आज धाकटा येतोय," आई सांगत होती. "स्वतः वाचून दाखवणार आहे म्हणे. तूही ऐक अकरा वाजता. आणि त्याचा घसा नीट ठेव, मागच्या खेपेला फोनवर खोकत होता."

अकरा वाजता हे शब्द ऐकले आणि ताईच्या हातातलं झाकण मोरीत पडलं.

धाकटा गेली सात वर्षं दर रविवारी पेपरात 'साधंसुधं' नावाचं सदर लिहितो. घर, देवावरची श्रद्धा, इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्याचा वास, असं काय काय त्यात असतं. लोकांना ते आवडतं. ज्या वर्षी सदर सुरू झालं त्याच वर्षी काचबिंदूने आईची दृष्टी गेली. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेली बाई ती. दुसऱ्याच्या लिहिण्यातला हरवलेला अनुस्वार तिला वितभर अंतरावरून दिसायचा, आणि आता स्वतःच्या मुलाचं नाव छापलेलं दिसत नव्हतं. म्हणून दर रविवारी अकरा वाजता ताई वाचणार आणि आई ऐकणार, असा नेम पडला.

पहिल्या रविवारीच घोटाळा झाला. पहिला लेख कुटुंबावर होता. त्यात आजोबा होते, वडील होते, दादा होता, शेजारच्यांची लंगडी मांजरसुद्धा होती. ताईने वाचून संपवलं. आई म्हणाली, "एवढंच? माझ्याबद्दल काही नाही?"

खरंच नव्हतं. ताईने पेपरची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "थांब की जरा. शेवटी आहे ना. 'आणि आई, तू अजून पेन्सिल कानावर ठेवतेस का गं?'"

आई हसली. मग म्हणाली, "शेवटचं पुन्हा एकदा म्हण."

तेव्हापासून प्रत्येक लेखाला शेवटचं वाक्य लागलंच. ताई रफू करते. चौकातल्या लाँड्रीतून तिच्याकडे सिगारेटने जळलेल्या कोटाच्या बाह्या येतात, कसर लागलेल्या शाली येतात. रफूची खुबी अशी की धागा बाहेरचा घ्यायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कोणी बघत नाही तिथून एक धागा ओढायचा आणि त्यानेच भोक भरायचं. वाक्यही ती तसंच करायची. सकाळी सहाला पेपर आला की अकरापर्यंत तिच्या डोक्यात तेच चालायचं. लेख छत्रीवर असला तर छत्रीचाच धागा: 'आई, शाळेत सोडायला यायचीस तेव्हा छत्री सगळी माझ्यावर असायची, तुझा एक खांदा कायम ओला.' लेख बुटांच्या नाड्यांवर असला तर: 'आई, गाठ मारायला तू शिकवलीस, सोडवायला मी अजून शिकलो नाही.' हे दुसरं तिला स्वतःलाच जरा जास्त झाल्यासारखं वाटलं होतं, पण आईने ते तीनदा म्हणून घेतलं.

मग आईचा रविवार छान जायचा. ती भिंतीच्या आधाराने गॅलरीत यायची, ऊन अंगावर घ्यायची, चहा दोनदा मागायची. फोनवर धाकट्याशी बोलताना तिने शेवटच्या वाक्याचा विषय कधी काढला नाही. ताईला त्याचं नवल वाटायचं. पण सुटका झाली की कारण कोण विचारतो?

आता त्याच्या निवडक लेखांचं पुस्तक निघालं होतं. पहिली प्रत आईच्या हातात द्यायला तो येणार होता, आणि "आज तू आराम कर, मीच वाचतो" असं गुरुवारीच फोनवर म्हणाला होता. गुरुवारी दुपारी चार वाजता त्याचा फोन ठरलेला. "ताई, काही विशेष?" एवढंच विचारायचा. ताई आठवड्यात आई काय बोलली, कशाला हसली ते सांगायची आणि पलीकडून कागदावर पेन फिरल्याचा आवाज यायचा. या गुरुवारी ती तीनदा म्हणाली, "अरे, एक सांगायचं होतं." तिन्ही वेळा तो म्हणाला, "सांग सांग, लिहून घेतो." तिने सांगितलंच नाही.

साडेनऊला दादा आणि वहिनी आले. दादा घड्याळं दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी धाकट्याने 'घड्याळजी आणि उशीर' असा एक लेख लिहिला, त्यात सगळ्या गावाची घड्याळं लावणारा आणि स्वतः प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचणारा एक थोरला भाऊ होता. गिऱ्हाइकं अजून दादाला त्यावरून छेडतात. त्या दिवसापासून दादाने भावाचं एक अक्षर वाचलं नाही, पण त्या लेखाचं कात्रण मात्र तो पाकिटात घेऊन हिंडतो. आजही ते त्याच्या खिशात होतं. तो आल्या आल्या आईजवळ जाऊन बसला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "बघ आई, मी साडेनऊला आलो. लिहून ठेवायला सांग कोणालातरी."

वहिनी मटाराची पिशवी घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. आईच्या कपाटाच्या किल्ल्यांवरून मागच्या वर्षी झालेल्या बोलाचालीपासून नणंद-भावजयीचं बोलणं कामापुरतंच होतं. वहिनीने पिशवी ओट्यावर ठेवली, घासलेल्या झाकणांची रांग पाहिली आणि दार लोटून घेतलं.

"वन्सं, भावोजींना सांगितलंत का?"

"काय सांगितलं का?"

"आमच्याकडेही तोच पेपर येतो हो. मी वाचते, हे वाचत नाहीत म्हणून काय झालं? दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी इथे होते. तुम्ही छत्रीचा लेख वाचलात. घरी जाऊन मी पेपर पालथा घातला. छत्रीखाली आई काही सापडल्या नाहीत मला."

ताईचा चेहरा कानापर्यंत तापला. दोन वर्षं! दोन वर्षं हिला माहीत होतं, आणि किल्ल्यांवरून एवढं रामायण झालं तेव्हाही ही एक शब्द बोलली नाही.

"तुम्ही कोणाला..."

"कोणाला सांगू? सासूबाई त्या दिवशी गॅलरीत उभ्या राहून गुणगुणत होत्या. मी मेली काय एवढी दुष्ट आहे?" वहिनीने मटाराची शेंग फोडली. "पण आज काय करणार? भावोजी वाचतील, पुस्तक मिटतील आणि सासूबाई वाट बघत बसतील."

"तेच तर," ताई म्हणाली आणि एक झाकण उचलून पुसू लागली. "आईला कळलं की सात वर्षं मी फसवलं, तर या घरात मी कोणत्या तोंडाने राहू? आणि त्याने तिला उद्देशून एकदाही काही लिहिलं नाही हे कळलं, तर ती कशाच्या जिवावर रविवारची वाट बघेल?"

*

धाकटा सव्वादहाला पोचला. पाच तासांचा प्रवास करून आला होता तरी शर्टाची इस्त्री मोडली नव्हती. बायकोची हॉस्पिटलात ड्यूटी होती म्हणून एकटाच आला, हातात पुस्तकांचा गठ्ठा आणि खांद्याला पिशवी. तो चौदा महिन्यांनी येत होता. जिना चढताना त्याने मनात हिशेब केला आणि तेरा असतील असं ठरवलं.

त्याला दारात थोडं भरून आलं, हे खरं. आई खुर्चीत बसली होती आणि आवाजाच्या दिशेने तिने मान वळवली ती नेमकी त्याच्याकडे नव्हती, त्याच्या डाव्या खांद्याकडे होती. त्याने सरकून तिच्या नजरेसमोर जागा घेतली. मग त्याला आठवलं की याचा काही उपयोग नाही.

"आलास?" आई म्हणाली. "दे बघू."

त्याने पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते नाकाशी नेलं, पान हुंगलं, बोटाने कडा चाचपल्या. "शाई बरी आहे. कापणी तिरकी झालीय डावीकडे."

"दोन हजार प्रती निघाल्या, कोणाला दिसली नाही ती," तो हसत म्हणाला.

"मलाही दिसली नाही," आई म्हणाली.

दादाने घसा खाकरला. "घड्याळजींचा लेख आहे ना रे पुस्तकात?"

"आहे की दादा. सगळ्यात जास्त पत्रं त्यालाच आली होती."

"येणारच. माझ्या पोटावर पाय आणि तुला पत्रं."

भांडण पेटायच्या आत ताईने धाकट्याला हाक मारली, "जरा आत ये रे, वरचा डबा काढून दे." वरचा डबा नव्हताच. तिने दार लावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती, गॅसच्या बटणाकडे बघत होती.

पहिल्यांदा त्याला राग आला. तेच सोपं होतं. "म्हणजे माझ्या नावावर तू वाक्यं खपवलीस? सात वर्षं? ताई, माझं नाव असतं त्या लेखाखाली!"

"हळू बोल."

"उद्या कोणी म्हणालं असतं..."

"भावोजी," मटार सोलता सोलता वहिनी म्हणाली, "चहाच्या पहिल्या घोटाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो वहिनीकडे वळला.

"'आईची सकाळ' या लेखातलं हो. आई चहाचा पहिला घोट भुर्रकन आवाज करून पितात आणि मग 'हुश्श देवा' म्हणतात. तुम्ही बघितलंय का ते? मी नाही बघितलं. मी तर याच गावात राहते."

त्याने ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "राहू द्या ना वहिनी."

पुस्तकातल्या साठ लेखांपैकी किती गुरुवारच्या फोनमधून आले होते हे त्याला माहीत होतं. बारकाईने मोजलं नव्हतं एवढंच. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत एका वाचकाचं पत्र होतं. 'तुमच्यासारखा मुलगा प्रत्येक आईला मिळो,' असं त्यात लिहिलं होतं. ते आईला वाचून दाखवायचं म्हणून त्याने मुद्दाम आणलं होतं. त्याने पिशवी खांद्यावरून काढली, बंद घट्ट बांधला आणि पिठाच्या डब्यामागे ढकलून दिली. त्याच्याच घरात, त्याच्याच माणसांपुढे त्याला इतकं लहान कधी वाटलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "झालं ते झालं. आज काय म्हणू? पटकन सांग, अकरा वाजतायत."

ताईने मान वर केली. तिच्या तोंडून आजवर या भावासाठी नाही हा शब्द निघाला नव्हता. त्याच्या शाळेच्या दप्तरापासून त्याच्या लग्नातल्या भांडणापर्यंत तिने सगळं निस्तरलं होतं.

"ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "एकच वाक्य आहे रे. एक तरी तुझं म्हण."

*

वाचन सुरू झालं तेव्हा वहिनी मटाराचं पातेलं मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. तिथून तिला सगळे दिसत होते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. या घरात ती तीस वर्षं अशीच जागा धरून बसली आहे, आणि बरंच काही पाहिलेलं आहे.

धाकट्याने 'आईची सकाळ' उघडली. आवाज छान होता त्याचा. "'माझी आई रोज पहाटे उठते, डोळे मिटते आणि देवाशी बोलते.'"

"मिटत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"अं?"

"डोळे मिटत नाही मी. कशाला मिटू? मिटले काय, उघडे ठेवले काय, एकूण एकच."

दादा मोठ्याने हसला. "प्रूफ आईला दाखवायचं होतंस रे!"

"छापून झालं गं आई आता," धाकटा म्हणाला. हसू त्याच्याही तोंडावर होतं, पण ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

"असू दे. वाच पुढे. चांगलं आहे."

तो वाचत गेला. आई देवाला कसं दटावते ते आलं, मग चहा आला. भुर्रकन घोट आला, 'हुश्श देवा' आलं. त्या वेळी सासूबाईंनी मान हलवली आणि ताई जिथे बसली होती त्या कोपऱ्याकडे किंचित हसल्या. ताई पदराच्या काठातला एक धागा ओढत होती, ओढत होती, आणि काठ चुरगळत चालला होता. दुसऱ्यांची वस्त्रं सांधणारी बाई, वहिनीच्या मनात आलं, स्वतःचं नेसतं उसवतेय.

"'...त्या एका घोटात तिचा देव, तिचं घर आणि तिचं सगळं सुख मावतं.'"

लेख संपला. सासूबाई मान तिरपी करून बसल्या होत्या, आणखी काहीतरी यायचं बाकी आहे अशा.

धाकट्याने ओठ ओले केले. "आणि आई," तो म्हणाला.

साडेतीनशे लेख लिहिलेला माणूस. उशीच्या अभ्र्यावर नऊशे शब्द लिहिले होते त्याने. त्याने ताईकडे पाहिलं, गुरुवारी चार वाजता फोनवर वाट बघत असेल तसं. ताईने मान खाली घातली. त्याने पुस्तकाच्या पानाकडे पाहिलं. तिथे पुढे कोरा कागद होता.

"आणि आई," तो पुन्हा म्हणाला, "तू आमच्या आयुष्याचा दीपस्तंभ आहेस."



"दीपस्तंभ!" दादाच्या नाकातून आवाज निघाला. "आंधळ्या बाईला दिवा म्हणतो हा! शाबास."

वहिनीने जवळच बसलेल्या दादाच्या पायाला इतक्या जोरात चिमटा काढला की तो अर्धा उठला. पण त्याचं हसू आधीच मेलं होतं. त्याच्या तोंडून आंधळी हा शब्द गेला होता, आणि सात वर्षांत या घरात तो कोणी उच्चारला नव्हता. तो भिंतीकडे बघू लागला. वहिनीला आपल्या नवऱ्याची लाज वाटली, दिराची वाटली, आणि मग स्वतःचीही वाटली. दोन वर्षं माहीत असून गप्प बसलो ते चांगुलपणाने की ताईचं काहीतरी आपल्या हातात असावं म्हणून, हे तिला नक्की सांगता येईना.

"पुस्तक मिटलं नाहीस तू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"अं?"

"ताई वाचून झालं की पेपरची घडी घालते. मांडीवर ठेवते. मला आवाज येतो कागदाचा. आणि मग शेवटचं वाक्य येतं. ते छापलेलं असतं तर घडी कशाला घातली असती तिने?"

*

आईने हे बोलायचं ठरवलं नव्हतं. सकाळी देवाला तिने सांगितलं होतं की आज निभावून ने. धाकटा एक वाक्य म्हणेल, ताईने शिकवलेलं का असेना, आपण म्हणू छान आहे, आणि जेवायला बसू. पण दीपस्तंभ ऐकला आणि तिच्यातली प्रुफं तपासणारी बाई जागी झाली. चूक दिसल्यावर पान पुढे जाऊ द्यायचं तिला कधी जमलंच नव्हतं.

"आई..." ताईचा आवाज आला. तो आवाज ऐकूनच आईला कळलं की ही आता रडेल आणि मग उठून झाकणं घासायला जाईल.

"बस खाली. पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू थांबली असतीस."

"आई, माझं चुकलं," धाकटा म्हणाला. "मी तुझ्यासाठी लिहायला हवं होतं. मला सुचलंच नाही की तू वाट बघतेस."

"तुझं चुकलंच," आई म्हणाली. "पण तुझं नंतर बघू. आत्ता माझं चाललंय."

तिने हात मांडीवर एकावर एक ठेवले. समोर अंधार होता. या अंधारात माणसांची तोंडं बघावी लागत नाहीत एवढी एक सोय होती, आणि आज तीही पुरेना.

"ताई, ऐक. ती वाक्यं तुझी आहेत हे मला माहीत होतं. तरी मी ती त्याचीच म्हणून ऐकायची. छत्रीचं वाक्य होतं ना, त्या दिवशी मी ठरवलं की हे ताईचं म्हणून ऐकायचं. ताई आपल्याला सांगतेय की तुझा खांदा ओला असायचा. आणि मला काही वाटलंच नाही गं. रोज माझी नखं कापते, औषध देते, रात्री दोनदा उठून मला बघून जाते, ती म्हणणारच की असं, त्यात काय. मग तेच वाक्य मी पुन्हा म्हणून घेतलं आणि धाकट्याचं म्हणून ऐकलं. लगेच डोळे भरून आले."

आईला दादाचा श्वास ऐकू येत होता, लहानपणी मार खाल्ल्यावर यायचा तसा.

"देवाचं मी असंच करते. मी बोलते, उत्तर कोण देतं ते विचारत नाही. माझंच मन देत असेल. पण देव लांब असतो म्हणून चालतं. तू इथे होतीस, हाताच्या अंतरावर. तुझी माया मी दुसऱ्याच्या नावावर घेत राहिले. सात वर्षं. मला लाज वाटते."

या घरात चार पिढ्यांत हे वाक्य कोणी तोंडाने म्हटलं नव्हतं. आजोबांनी बूट पॉलिश केले होते, वडिलांनी माळा आवरला होता. ते ऐकून घेण्याची कोणाला सवय नव्हती. त्यामुळे पुढच्या मिनिटाभरात जे घडलं ते घराण्याला धरूनच होतं. दादा उठला, खिशातला लहान स्क्रूड्रायव्हर काढला आणि बरोबर चालणारं भिंतीवरचं घड्याळ उतरवून उघडू लागला. धाकट्याने कप गोळा केले. एक कप अजून भरलेला होता, तोही त्याने उचलला, आत गेला आणि नळ सोडला. वहिनी म्हणाली, "वन्सं, वाळलेले कपडे मी घड्या घालते हं," आणि घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून बसली.

आईचे हात मांडीवर चाळवले. ते पदराच्या कडेला गेले, खुर्चीच्या दांड्याला गेले, परत आले.

"मलाही काहीतरी काम दे गं," ती म्हणाली.

ताईने मटाराचं पातेलं आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि शेंगांची पिशवी हाताशी लावून दिली. आईने एक शेंग फोडली. दाणे चाचपले, मोजल्यासारखे, आणि पातेल्यात सोडले.

"तू काय करतेयस?" तिने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "बसलेय."

खरंच बसली होती. आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर, दोन्ही हात रिकामे.

"मग आता तू म्हण. कागद नको, घडी नको. त्याचं नको. तुझं."

ताईने शोधलं. सात वर्षं दर रविवारी सकाळी सहा ते अकरा तिने वाक्य शोधलं होतं आणि दर वेळी कुठून तरी धागा मिळाला होता, छत्रीतून, नाडीतून, कुठूनही. आज समोर कोणाचा लेखच नव्हता. तिला वाटलं काहीतरी गोड म्हणावं, आईला बरं वाटेल असं. ते वाक्य ओठापर्यंत आलंही. मग ते तिथेच राहिलं आणि त्याच्या मागून दुसरंच बाहेर पडलं.

"आई," ती म्हणाली, "मी खूप दमलेय गं."

आत नळ बंद झाला. दादाचा स्क्रूड्रायव्हर थांबला. उच्चारल्याबरोबर ताईला वाटलं, हे काय बोललो आपण, हे काय वाक्य आहे, आणि तिने उठायला हात टेकला.

आईचा हात पातेल्यातून बाहेर आला. त्याने हवेत शोधलं, ताईचा खांदा सापडला आणि तिथेच राहिला.

"पुन्हा एकदा म्हण," आई म्हणाली.